अपघातग्रस्ताचा वकील कोण निवडतो?

रस्ते अपघातात जखमी झालेल्या माणसाने आपला वकील स्वतः पारखून निवडला, असे आपल्याकडे फार क्वचित घडते. तो शुद्धीवर येतो तेव्हा पायात सळई बसलेली असते आणि घरच्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून वकीलपत्रावर सही घेण्याची तयारी केलेली असते. हा सांगणारा कधी रुग्णवाहिकेचा चालक असतो, कधी वॉर्डातला मामा, कधी पोलीस ठाण्याच्या आवारात सगळ्यांच्या ओळखीचा असलेला माणूस. त्याचे म्हणणे ठरलेले असते: "आत्ता एक रुपया द्यायचा नाही. क्लेम मंजूर झाला की बघू." हॉस्पिटलचे बिल भरताना दागिने गहाण टाकलेल्या कुटुंबाला हे ऐकून हायसे वाटते. त्यात त्यांची काही चूक नाही. त्या क्षणी पैसे न मागणारा वकील हाच त्यांच्या दृष्टीने चांगला वकील असतो.

पण जखमी माणसाला पुढच्या वीस-तीस वर्षांच्या जगण्यासाठी किती रक्कम मिळणार, हे मोठ्या प्रमाणात या एका निवडीवर ठरते. आणि ही निवड आपण दलालांच्या हाती सोडली आहे. याला कायदा जबाबदार आहे, वकिलांची संघटना जबाबदार आहे आणि "भरपाईत वकिलाची टक्केवारी चालतेच" असे म्हणून खांदे उडवणारे आपण सगळेही. वकिलाच्या फीचा प्रश्न अंधारातून उजेडात आणल्याशिवाय योग्य वकील निवडण्याचा कोणताही सल्ला सामान्य माणसाच्या कामाचा नाही, असे माझे ठाम मत आहे.

जखमी माणसाच्या दाव्यात वकिलाने एवढा फरक का पडावा, हे आधी पाहू. अपघाती मृत्यूच्या दाव्यात हिशेब बऱ्यापैकी बांधलेला आहे. मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे कळली की 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या कोष्टकातून गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, मिळतो. 2017 च्या घटनापीठाच्या निकालाने भविष्यात वाढू शकणाऱ्या उत्पन्नाचे टक्केही ठरवून दिले. वकील सामान्य असला तरी या आकडेमोडीत फार घसरण होत नाही. अपंगत्वाच्या दाव्यात मात्र मधोमध एक आकडा असतो आणि तो कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. या दुखापतीमुळे या माणसाची कमाईची क्षमता किती टक्के गेली, हा तो आकडा. तो पुराव्याने उभा करावा लागतो, आणि पुरावा वकीलच आणतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तीस वर्षांचा सुतार, महिन्याला 15 हजार रुपये कमावणारा. अपघातात त्याचा उजवा पंजा चिरडला. वर्षाचे उत्पन्न 1 लाख 80 हजार. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवले की 2 लाख 52 हजार. तिशीसाठी गुणक 17, म्हणजे 42 लाख 84 हजार. इथपर्यंत कोणताही कारकून हिशेब करून देईल. आता वकिलाने नुसते अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडले, पुढे काहीच सिद्ध केले नाही आणि मोटार अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने कमाईचे नुकसान 20 टक्के धरले, तर या सदराखाली 8 लाख 56 हजार 800 रुपये मिळतात. हेच नुकसान 60 टक्के असल्याचे सिद्ध झाले तर 25 लाख 70 हजार 400. आणि या हाताने रंधा धरता येत नाही, करवत चालवता येत नाही, दुसरे कोणते काम तो शिकलेला नाही, हे साक्षीपुराव्याने दाखवता आले तर पूर्ण 42 लाख 84 हजारांपर्यंत जाण्याचा रस्ता मोकळा होतो. माणूस तोच, जखम तीच, प्रमाणपत्रही तेच.

हे मी पदरचे सांगत नाही. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे सविस्तर मांडले आहे. त्यातले उदाहरण प्रत्येक अपघातग्रस्ताच्या घरी पोहोचायला हवे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व सुमारे 60 टक्के म्हणता येईल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेलेली असू शकते, आणि सरकारी कचेरीत कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते. म्हणून न्यायाधिकरणाने आधी पाहायचे की हा माणूस अपघातापूर्वी काय करत होता, आता तो काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि दुसरे कोणते काम करून पोट भरू शकतो. त्याच निकालात आणखी एक इशारा आहे. ज्याने उपचार केलेच नाहीत अशा डॉक्टरांची तयार प्रमाणपत्रे सढळ हाताने दिली जातात, त्यांच्यापासून सावध राहा. नुसते प्रमाणपत्र दाखल केले म्हणजे अपंगत्व सिद्ध झाले, असे होत नाही. उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरने येऊन साक्ष द्यावी लागते आणि विमा कंपनीच्या वकिलाच्या उलटतपासणीला सामोरे जावे लागते.

घोडे इथेच अडते. डॉक्टर कोर्टात यायला नाखूष असतात. ओपीडी सोडून दिवसभर ताटकळणे त्यांना परवडत नाही. त्यांना समन्स काढावे लागते, तारीख जुळवावी लागते, कधी हॉस्पिटलमध्येच साक्ष नोंदवण्यासाठी कोर्टाने नेमलेल्या कमिशनरची मागणी करावी लागते. या सगळ्याला वेळ लागतो, पैसा लागतो आणि चिकाटी लागते. शिवाय सुताराचे उत्पन्न सिद्ध करायला ज्यांच्याकडे त्याने काम केले त्या दोघा-तिघांना साक्षीला उभे करावे लागते, कारण त्याच्याकडे पगारपत्रक नसते. शेतमजूर बाईचे तर त्याहून अवघड. तिच्या मजुरीची नोंद कुठेच नसते आणि घरात ती जे राबते त्याला कोणी काम म्हणत नाही. चांगला वकील हे सगळे गोळा करतो. नुसता क्लेम टाकणारा वकील एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि प्रमाणपत्र एकत्र टाचतो आणि लोकअदालतीची वाट पाहतो.

आता टक्केवारीकडे येऊ. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटाही ठरवायचा नाही. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने असा करार करणाऱ्या वकिलाचे वर्तन व्यावसायिक गैरवर्तन ठरवले होते. नियमामागचा विचार प्रामाणिक आहे. वकील हा न्यायालयाचाही अधिकारी असतो. त्याचा स्वतःचा पैसा निकालात अडकला तर तो खोट्याकडे वळेल, ही भीती रास्त आहे. ती खरी ठरल्याची उदाहरणेही आहेत. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाव्यांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि 2021 मध्ये या प्रकरणात वकिलांवरील कारवाईतल्या दिरंगाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नाराजी व्यक्त केली.

पण नियम असूनही टक्केवारी चालते, हे न्यायालयाच्या आवारात चहा विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. ती का चालते? कारण जखमी माणसाकडे आगाऊ फी भरायला पैसे नसतात. त्याची कमाई बंद आहे, उपचार चालू आहेत. त्याला वकील हवा असेल तर तो टक्क्यांवरच मिळणार. म्हणजे जो व्यवहार गरजेतून जन्मला, त्याला आपण बेकायदा म्हटले आणि तो लिहून ठेवणे अशक्य करून टाकले. परिणामी अशिलाच्या हातात कागद नाही. सुरुवातीला "थोडेफार" म्हटलेले शेवटी किती होईल, त्यात डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च धरला की वेगळा, अपील झाले तर पुन्हा द्यायचे का, वकील बदलला तर काय, यातले काहीही ठरलेले नसते. तक्रार करायची तर कशाच्या आधारावर? मनाई अशिलाच्या भल्यासाठी आणली, आणि संरक्षण मिळाले ते मनाई मोडणाऱ्याला.

यावर कुणी म्हणेल, वकिलालाच टक्के मिळणार असतील तर तो जास्तीत जास्त रक्कम मिळवण्यासाठी झटेल, मग अशिलाचे नुकसान कुठे? वरवर हे पटते. पण त्याच सुताराचा हिशेब वकिलाच्या बाजूने करून पाहा. समजा तोंडी 20 टक्के ठरले. 8 लाख 56 हजारांच्या तडजोडीत त्याला सुमारे 1 लाख 71 हजार मिळतात, आणि ते पुढच्या लोकअदालतीत. 25 लाखांचा निकाल मिळवला तर 5 लाखांच्या वर मिळतील. पण त्यासाठी डॉक्टर आणायचा, साक्षीदार आणायचे, खर्च स्वतःच्या खिशातून करायचा, आणि एवढे करून विमा कंपनी उच्च न्यायालयात अपिलात गेली तर पुन्हा वर्षानुवर्षे थांबायचे. ज्याच्याकडे असे शंभर दावे आहेत, त्याच्यासाठी लवकर मिळणारे कमी पैसे अनेक वेळा मिळणे हाच शहाणपणाचा धंदा असतो. सुताराचा हात मात्र एकदाच गेलेला असतो. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. सहा महिन्यांनी हाडात जंतुसंसर्ग निघाला आणि आणखी दोन शस्त्रक्रिया लागल्या तरी ते दार बंद झालेले असते. लोकअदालत वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. किरकोळ दुखापतीत, किंवा उपचार पूर्ण होऊन पुरावा नोंदवला गेल्यानंतर, ती माणसाची वर्षे वाचवते. पुरावा उभा राहण्याआधीच तिथे घाई करणे घातक आहे.

मग काय करावे? माझ्या मते जखमी आणि अपंगत्वाच्या दाव्यांपुरती टक्केवारीला कायद्याने परवानगी द्यावी, पण कडक अटींवर. करार लेखी आणि अशिलाच्या भाषेत असावा. कमाल मर्यादा कायद्याने ठरावी. करार दाव्यासोबत न्यायाधिकरणात दाखल व्हावा. आणि वकिलाची फी न्यायाधिकरणाने निकालपत्रात नमूद करून थेट वकिलाच्या खात्यात वळती करावी, उरलेली अशिलाच्या. असे जगात होत नाही असे नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभासाठी वकील लावला तर फीच्या कराराला ती सरकारी यंत्रणाच मान्यता देते. फी थकीत लाभाच्या 25 टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम (2024 च्या नोव्हेंबरअखेर ती 9,200 डॉलर झाली), यातले जे कमी असेल तेवढीच, आणि ती सहसा यंत्रणाच कापून वकिलाला देते. इंग्लंडमध्ये 2013 पासून इजेच्या दाव्यांत जिंकल्याबद्दलची जादा फी नुकसानभरपाईच्या 25 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि हे टक्के मोजताना भविष्यातल्या नुकसानीची रक्कम वगळावी लागते.

ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. ज्या रकमेतून पुढची तीस वर्षे मदतनीस ठेवायचा आहे, दर काही वर्षांनी कृत्रिम पाय बदलायचा आहे, बेडसोअर होऊ नयेत म्हणून वेगळी गादी घ्यायची आहे, त्या रकमेत कुणाचाच वाटा असता कामा नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, बाराव्या वर्षी अपघातात सापडून कायमची परावलंबी झालेल्या मुलीच्या प्रकरणात, मदतनिसाचा खर्चही गुणक लावून आयुष्यभरासाठी मोजला. त्या पैशावर टक्का मारणे म्हणजे तिच्या उशाशी बसणाऱ्या बाईचा पगार कापणे. आपल्याकडे टक्केवारीला परवानगी देताना ही रेघ आधी ओढायला हवी.

आक्षेप येईल की याने वकिलीचा बाजार होईल, दलाल माजतील. दलाल आजच माजलेले आहेत. वकिलांना जाहिरातीची मनाई आहे. म्हणजे जखमी माणसाला कोणता वकील अपघात दाव्यांचेच काम करतो, याची सरळ माहिती मिळण्याचा मार्ग नाही आणि ती पोकळी दलाल भरून काढतो. 2023 साली वकील कायद्यात दुरुस्ती करून दलालांविरुद्धचे कलम नव्याने आणले गेले. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या धंद्यात एका गिऱ्हाइकामागे हजारो मिळतात, तिथे 500 रुपयांच्या दंडाला कोण भिणार? दलालाचे कमिशन वकिलाच्या न लिहिलेल्या टक्क्यांतून जाते. टक्का लिहिला गेला, मर्यादेत आला आणि थेट खात्यात वळता होऊ लागला, तर त्या कमिशनची जागाच आक्रसते.

बँक खात्याचा मुद्दा इथे निघालाच आहे. नुकसानभरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जमा करण्याच्या सूचना सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये दिल्या. पाऊल चांगले आहे. पण तोंडी टक्केवारी जिवंत असताना तिची वसुली फक्त एक पायरी पुढे सरकते. म्हणून वकिलाने, त्याच्या कारकुनाने किंवा आणणाऱ्या माणसाने कोरा चेक, कोरा स्टॅम्पपेपर किंवा पैसे काढण्याची स्लिप सहीसाठी पुढे केली, तर तिथून उठावे. याला अपवाद नाही.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी एक दार आधीपासून उघडे आहे आणि त्याची वाट फार थोड्यांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिला, बालके, दिव्यांग व्यक्ती, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती अशा अनेकांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि या गटांसाठी उत्पन्नाची अट नाही. अपघातात पाय गमावून दिव्यांग झालेला माणूस, किंवा जखमी झालेली कोणतीही स्त्री, जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन वकील मागू शकते. 15100 ही त्यांची हेल्पलाइन आहे. लोक तिथे जात नाहीत, कारण फुकटचा वकील मन लावून काम करणार नाही असा समज आहे. तो समज अगदीच निराधार नाही. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारा मोबदला तुटपुंजा असतो आणि डॉक्टरच्या मागे लागून साक्ष घडवून आणण्याइतका वेळ त्याने कुठून काढावा? फौजदारी खटल्यांत आरोपींच्या बचावासाठी विधी सेवा प्राधिकरणांनी आता पूर्णवेळ पगारी वकिलांची पद्धत आणली आहे. जखमींच्या दाव्यांसाठी तसेच पूर्णवेळ वकील प्रत्येक जिल्ह्यात का असू नयेत? समोर विमा कंपनीच्या बाजूने वर्षानुवर्षे हेच काम करणारा, निकाल तोंडपाठ असलेला वकील उभा असतो. त्याच्यासमोर तेवढाच मुरलेला माणूस उभा करणे हे सरकारचे काम आहे.

हे बदल होतील तेव्हा होतील. आज ज्याच्या घरात माणूस जायबंदी होऊन पडला आहे, त्याने वकिलाची पारख कशी करावी? माझा ठोकताळा असा: पहिल्या भेटीत वकील काय सांगतो यापेक्षा काय विचारतो ते ऐकावे. ज्याचा पहिला प्रश्न "गाडीचा विमा होता का?" एवढाच असतो, त्याला पैसे कुठून येणार हे कळले आहे, किती यायला हवेत हे नाही. "अपघाताच्या आदल्या दिवशी तुम्ही कामावर काय केलेत? आता त्यातले काय जमत नाही? जिना चढता येतो का? रात्री किती वेळा उठवावे लागते, कोण उठवते, तिने त्यासाठी काम सोडले का?" असे विचारणारा वकील तुमच्या दाव्याचा गाभा शोधतो आहे. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव विचारेल, सगळे केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिले जपून ठेवायला सांगेल, एवढेच काय, हॉस्पिटलला जाण्यायेण्याच्या रिक्षाच्या पावत्याही. आणि तो आकडा सांगणार नाही. पहिल्याच भेटीत "पन्नास लाख मिळवून देतो" म्हणणाऱ्याने तुमची फाइल अजून उघडलेलीही नसते.

त्याला विचारायला लाजू नये असे प्रश्नही आहेत. तुम्ही जखमींचे दावे शेवटच्या निकालापर्यंत चालवले आहेत का, की सगळे लोकअदालतीत मिटवता? डॉक्टरांची साक्ष तुम्ही घ्याल का? तारखेला तुम्ही स्वतः उभे राहाल की ज्युनियर? कोर्टाच्या फाइलची एक प्रत मला मिळेल का? आपल्याकडे वकिलाला प्रश्न विचारणे उद्धटपणा मानला जातो. "साहेबांना कळते ते आपल्याला काय कळणार" ही नम्रता या दाव्यात फार महाग पडते. चांगल्या वकिलाला असे प्रश्न आवडतात. जागरूक अशिलाचा पुरावा भक्कम असतो हे त्याला अनुभवाने माहीत असते. असे वकील प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ते रुग्णालयाच्या दारात उभे राहत नाहीत म्हणून दिसत नाहीत. ते शोधायचे असतील तर कोर्टाच्या खोलीत जाऊन बसावे. न्यायाधिकरणाचे कामकाज खुले असते. एखादा दुपारचा वेळ तिथे काढला तर कोण साक्षीदाराची तयारी करून आला आहे आणि कोण फक्त पुढची तारीख मागतो आहे, हे वकिली न शिकलेल्यालाही दिसते.

घाईचा बागुलबुवाही ओळखायला हवा. "आजच सही करा, नाहीतर क्लेम बुडेल" हे खरे नाही. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करण्याची अट पुन्हा कायद्यात आली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर न राहता सहा महिने पाळावेत. सहा महिने म्हणजे सहा तास नव्हेत. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे, जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म दहा दिवसांत द्यायचा आहे, आणि पोलिसांचा अहवाल हाच दावा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद मूळ कायद्यातच आहे. हा फॉर्म मिळाला नसेल तर पोलीस ठाण्यात जाऊन मागा. दावा अपघात झाला तिथेच लढवावा लागतो हाही गैरसमज आहे. पुण्यात अपघात झालेला नांदेडचा मजूर आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा दाखल करू शकतो, म्हणजे त्याला वकीलही ज्याच्याकडे महिन्यातून दोनदा एसटीने जाता येईल असा निवडता येतो. आणि धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपयांची सरकारी भरपाई उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांच्या पातळीवर अर्ज करून मिळते. त्यासाठी कुणालाही टक्के देण्याचे काही कारण नाही.

निवड चुकली असे वाटले तर वकील बदलता येतो, हे फार थोडे जण धीराने करतात. जुना वकील फाइल देणार नाही, नाहरकत देणार नाही, अशी धास्ती असते. थकलेल्या फीसाठी अशिलाची कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केले आहे. फी राहिली असेल तर ती वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग त्याला मोकळे आहेत. कागद मात्र जखमी माणसाचे आहेत. ते लेखी मागावेत, पोच घ्यावी, आणि नाही मिळाले तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करावी. बार कौन्सिलनेही अशा तक्रारी शिस्तपालन समितीत वर्षानुवर्षे पडून राहणार नाहीत हे पाहावे, आणि टक्केवारी अस्तित्वातच नाही असे मानून चालणे थांबवावे. वकिलांच्या संघटनेतली जी ज्येष्ठ मंडळी टक्केवारीला व्यवसायाचा कलंक म्हणतात, त्यांना माझी विनंती आहे की दोनपैकी एक करा: तिला मर्यादा घालून कागदावर आणा, किंवा मनाईची खरोखर अंमलबजावणी करून त्या सुतारासाठी पगारी वकिलाची सोय होईपर्यंत सरकारच्या मागे लागा.